आधी पायी, मग गाडीने

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत तुये येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मयावर बोलणे झाले, नाट्यसंगीतावर झाले, गेल्या वर्षी मधुमेहावर झाले आणि ते संपताच मोदक वाटले गेले. यंदा समितीने आम्हाला मोटारींच्या शर्यतीवर बोलायला सांगितले, तेव्हा जरा धाकधूक वाटली. गणपतीच्या मांडवात शर्यतीचे काय काम? कार्तिकेय आणि गणपती यांच्या शर्यतीची गोष्ट इथे लहानमोठ्या सर्वांना पाठ आहे, म्हणून ती सांगत बसत नाही. एवढेच म्हणतो की त्या शर्यतीत ज्याचे वाहन हळू होते, त्याने निघण्यापूर्वी मार्ग कोणता याचा विचार केला. आमचा आजचा विषय तोच आहे.

आम्ही म्हणजे चौघे. दोघे सरकारी नोकर, डिप्लोमावाले; एक औद्योगिक वसाहतीत फिटर; आणि चौथा आमचा पुतण्या, वय २१. माइकसमोर एकच उभा असला तरी सांगायचे ते चौघांचे आहे, म्हणून ‘आम्ही’ म्हणतो. कोणी त्याला सरकारी भाषा समजू नये.

हा नाद सुरू झाला तो पुतण्यामुळे. तुम्ही सगळे पेडणे तालुक्यातले रस्ते रोज बघता. आमच्या लहानपणी तुयेहून पेडण्याला जायचे म्हणजे समोरून बस आली की आपली गाडी गटारात उतरवायची. आता महामार्ग रुंद झाला, जानेवारी २०२३ पासून मोपाला विमाने उतरू लागली, धारगळच्या सुकेकुळणहून विमानतळाकडे सहा पदरी रस्ता गेला. रस्ता असा मिळाला की एकविशीतल्या पोराच्या उजव्या पायाला खाज सुटते. रात्री अकरानंतर तिथे काय चालते ते पोलिसांना ठाऊक आहे आणि आपल्या घरातल्या पोरांनाही. गोव्यासारख्या एवढ्याशा राज्यात वर्षाला दोनशेहून जास्त माणसे रस्त्यावर जातात. प्रत्येक चतुर्थीला कुठल्या ना कुठल्या वाड्यावर एखादी माटोळी बांधायची राहून जाते, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते.

पुतण्याला आम्ही रागावलो नाही. रागावून ऐकणारे वय नव्हे ते. आम्ही त्याला म्हटले, तुला गाडी पळवायची आहे ना, मग चल, ऑटोक्रॉसला नाव देऊ. त्यावर वहिनींनी, म्हणजे त्याच्या आईने, स्वयंपाकघराच्या दारातून विचारले, “भावोजी, रात्री मोपाच्या रस्त्यावर पोरे गाड्या मारतात, त्यात आणि तुमच्या ह्या शर्यतीत फरक तो काय?”

तेव्हा आम्हाला धड उत्तर देता आले नाही. आजचे भाषण म्हणजे ते उत्तर आहे. वहिनी दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत.

ऑटोक्रॉस म्हणजे काय ते आधी सांगतो. एक बंद मैदान असते. कुठे मातीचे, कुठे डांबरी. त्यावर रस्त्याच्या कामावर ठेवतात तसले नारिंगी शंकू मांडून एक वाकडातिकडा मार्ग आखलेला असतो. एका वेळी मार्गावर एकच गाडी सोडतात. समोर कोणी नाही, मागे कोणी नाही, शर्यत फक्त घड्याळाशी. सगळा खेळ साधारण मिनिटभराचा. घरची गाडी चालते. वेग क्वचितच साठ-सत्तरच्या पुढे जातो, कारण तेवढी सरळ जागाच ठेवलेली नसते. शंकू पाडला की वेळेत दंड मिळतो, एखादे दार चुकवले की ती फेरीच बाद. दार म्हणजे दोन शंकूंमधली वाट.

अमेरिकेत हा खेळ फार रुजलेला आहे. तिथला स्पोर्ट्स कार क्लब १९४४ मध्ये स्थापन झाला आणि १९७३ पासून त्यांच्या अशा स्पर्धेचे राष्ट्रीय संमेलन भरते. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतली मुले रविवारी मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये हेच करतात. आपल्याकडे मोटार क्रीडेची राष्ट्रीय संस्था, फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, १९७१ पासून आहे. कोल्हापूरला तर कार्टिंगचा पक्का ट्रॅक असून राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झालेल्या आहेत. गोव्यात २०१४ मध्ये रेनफॉरेस्ट चॅलेंज सुरू झाली, पण ती जंगलातली, चिखलातली, विंच लावून गाड्या ओढण्याची. ती बघायला मजा येते, पण आपल्या छोट्या घरगुती गाडीचे ते काम नव्हे.

ज्येष्ठांपैकी काहींना १९८० ची हिमालयन रॅली आठवत असेल, जी मुंबईहून निघाली होती. रॅलीत गाडीत दोघे असतात. शेजारचा वही हातात धरून पुढचे वळण ओरडून सांगतो. पक्क्या ट्रॅकवरच्या शर्यतीत तेच तेच वळण वीस-तीस वेळा येते, चुकले तर पुढच्या चक्करला सुधारता येते. ऑटोक्रॉसमध्ये यातले काहीच नाही. मार्ग त्या दिवसापुरताच मांडलेला असतो आणि संध्याकाळी उचलला जातो. शेजारी वही घेऊन कोणी नाही. फेऱ्या मिळतात तीन किंवा चार. आणि सर्वांत महत्त्वाचे, गाडी घेऊन त्यावर सराव करू देत नाहीत. सकाळी तासभर फक्त पायी चालू देतात. पायी चालून जेवढे डोक्यात गेले तेवढेच घेऊन गाडीत बसायचे.

हे समजल्यावर पुतण्याचा चेहरा उतरला. “म्हणजे चालायला जायचे एवढ्या लांब?” तो म्हणाला.

होय, चालायला जायचे. पण त्याआधी घरी तीन महिने काम होते.

सरावासाठी तुयेतल्या एका गृहस्थांचे कुंपण असलेले मोकळे आवार मिळाले, चिऱ्यांच्या सड्यावर मुरूम टाकून सपाट केलेले. त्यांच्याकडून लेखी परवानगी घेतली. सरकारी माणसाला कागद लागतोच, पण त्याला कारणही होते. मोटार वाहन कायद्याचे १८९ कलम सार्वजनिक जागी राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावणे गुन्हा ठरवते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकते. मोपाच्या रस्त्यावर दोन मित्रांनी ‘चल बघू’ म्हटले तरी ते या कलमात बसते. आणि आणखी एक गोष्ट, जी फार थोड्यांना ठाऊक असते: आपल्या गाडीच्या नेहमीच्या विम्यात शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. पॉलिसीचा कागद काढून ‘वापराच्या मर्यादा’ वाचा. ऑटोक्रॉसमध्ये गाडीला काही झाले तर खर्च आपला, हे धरूनच आम्ही उतरलो. म्हणून गाडीही निवडली ती अकरा वर्षांची जुनी.

शंकू कुठून आणायचे हा प्रश्न आला. सरकारी शंकू आम्ही वापरले नाहीत, हे इथे जाहीरपणे सांगून ठेवतो. आम्ही नारळाची सोडणे वापरली. उभी केली की दिसतात, गाडीखाली आली तरी पत्र्याला काही होत नाही, आणि तुयेत त्यांना तोटा नाही. पहिले दोन रविवार फक्त नागमोडी चालवणे: एका रेषेत सात सोडणे, मध्ये अंदाजे पंधरा-पंधरा मीटर, आणि त्यांतून डावी-उजवी करत वेग तीसच्या वर न्यायचा नाही. पुतण्याला हे भलतेच बाळबोध वाटले. फिटरभाऊंनी त्याला चाळीसने जाऊन बघ म्हटले. तिसऱ्या सोडणाला त्याची गाडी उशिरा वळली, चौथ्याला आणखी उशिरा, आणि पाचवे सोडण बंपरला लागून कुंपणापर्यंत गेले.

याचे गणित आहे आणि ते आमच्या डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचे आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरहून थोडे जास्त. चाळीसला अकरा मीटर. म्हणजे पंधरा मीटरवर ठेवलेली सोडणे सव्वा-दीड सेकंदाला एक अशी अंगावर येतात. डोळ्याने पाहून, डोक्याने ठरवून, हाताने स्टीअरिंग फिरवेपर्यंत अर्धा-पाऊण सेकंद गेलाच. तेव्हा नाकासमोरच्या सोडणाकडे बघून गाडी वळवणारा नेहमीच उशिरा पोहोचतो, आणि तो उशीर पुढच्या प्रत्येक वळणाला व्याजासकट वाढतो. नजर नेहमी पुढच्या किंवा त्यापुढच्या सोडणावर हवी. जवळचे तर आपण आधीच पाहून ठेवलेले असते.

दुसरे गणित वळणाचे. पंधरा मीटर त्रिज्येच्या वळणात कोरड्या डांबरावर चांगले टायर साधारण ४० च्या वेगापर्यंत धरतात. तेच वळण बाहेरून आत आणि आतून बाहेर असे रुंद घेऊन त्रिज्या वीस मीटर केली, तर तेच टायर ४५ पर्यंत धरतात. इंजिन तेच, टायर तेच, पेट्रोल तेच. पाच किलोमीटरचा वेग फक्त जागा वापरल्याने मिळाला. पुतण्याने हे कागदावर स्वतः मांडून पाहिले आणि मग पहिल्यांदा त्याने ‘गाडीला मोठा सायलेन्सर लावू या’ हे म्हणणे सोडले.

गाडीच्या तयारीबद्दल लोक फार विचारतात, पण त्यात खरे तर फारसे काही नाही. ब्रेक ऑइल बदलले, कारण ते हवेतले पाणी पिते आणि आपल्या पावसाळ्यात जास्तच पिते. मग ब्रेक तापले की ते उकळून पेडल खाली जाते. ब्रेकचे पॅड पाहिले, चाकांचे नट पान्याने नीट आवळले, बॅटरीची पट्टी घट्ट केली. पुढच्या टायरांत हवा नेहमीपेक्षा पाच-सहा पौंड जास्त भरली, कारण जोरात वळताना टायर कुशीवर झोपतो. किती जास्त हे ओळखायला खडू पुरतो. टायरच्या कडेवर एक लहान त्रिकोणाची खूण असते, तिच्या आसपास खडूने रेघा ओढायच्या आणि एक फेरी मारायची. खडू त्रिकोणाच्या खालपर्यंत पुसला गेला तर हवा कमी आहे. त्रिकोणापर्यंत पुसलाच नाही तर जास्त झाली. नव्वद पैशांचा खडू, आणि काम महागड्या यंत्राचे.

आता मार्ग शिकण्याबद्दल, जे मुख्य आहे.

स्पर्धा कोल्हापूरच्या बाजूला होती, एका हौशी क्लबाने भरवलेली. दोन दिवस आधी आयोजकांनी मार्गाचा नकाशा मोबाईलवर पाठवला. आम्ही चौघे डोकी एकत्र करून तासभर त्याकडे बघत बसलो. ठिपके, बाण, गोल. काही कळेना. वहिनी चहा घेऊन आल्या, नकाशा पाहिला आणि म्हणाल्या, “ही तर ठिपक्यांची रांगोळी.”

त्यांनी तो नकाशा अंगणात रांगोळीने काढला. आम्ही तुळशीसमोर उभे राहून बघत होतो आणि त्यांचा हात कुठे न अडता चालला होता. आम्ही विचारले, कसे जमते? त्या म्हणाल्या, “बोटाकडे कोण बघते? मी पुढच्या ठिपक्याकडे बघते, हात आपोआप जातो. आणि रेघ ठिपक्यावरून न्यायची नसते, ठिपक्याला वळसा घालून न्यायची असते.” तीन रविवार आम्ही पोराला जे घोकून सांगत होतो ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी चौघेही त्या रांगोळीवर हातात काल्पनिक स्टीअरिंग धरून चाललो. शेजारच्यांना वाटले, दशावताराची तालीम चालली आहे. ते फार चुकीचे नव्हते. आपल्याकडे दशावतार पाहून मोठे झालेल्यांना ठाऊक आहे की नटाच्या हातात संहिता नसते. कोण कुठून प्रवेश करणार, कुठे युद्ध, कुठे गण, एवढा क्रम डोक्यात पक्का असतो आणि बाकी सगळे त्या क्षणी सुचते. मार्गही तसाच पाठ करायचा. प्रत्येक शंकू लक्षात ठेवणे शक्य नाही. प्रवेश लक्षात ठेवायचे. आमच्या मार्गात सात प्रवेश होते. पहिला सरळ आणि उजवीकडे, दुसरा नागमोडी, तिसरा मोठा गोल, असे.

किरकोळ रजेचा अर्ज टाकून शनिवारी पहाटे निघालो. बांदा, सावंतवाडी, आंबोली, आजरा. मैदानात पोहोचलो तेव्हा कळले की नकाशात एक गोष्ट मुळीच नव्हती, ती म्हणजे जमीन.

पहिली चाल सगळ्यांबरोबर, गप्पा मारत. ती फक्त ओळख करून घेण्यापुरती. गर्दीत शिकणे होत नाही. एकजण म्हणतो इथे पूर्ण वेग, दुसरा म्हणतो इथे ब्रेक, आणि दोघांच्या गाड्या वेगळ्या. दुसरी चाल एकट्याने, न बोलता, पावले मोजत. नागमोडीतल्या शंकूंमध्ये अठरा पावले होती, पुन्हा अठरा, पुन्हा अठरा, आणि शेवटच्या दोनांमध्ये चौदाच. नकाशात ती सगळी सारखी दिसत होती. ज्याने ही चार पावले मोजली नाहीत, तो पहिल्या तिन्हींना लयीत जाऊन चौथ्यात अडकणार. आयोजकाने ते मुद्दाम केले होते, हे उघड आहे. मार्ग आखणारा माणूस आणि तो चालणारा माणूस यांच्यातच खरी शर्यत असते, असे आमचे मत झाले.

जमिनीवर आणखी बरेच होते. मोठ्या गोल वळणाच्या बाहेरच्या बाजूला बारीक खडी साचलेली होती. सहाव्या प्रवेशात जमीन किंचित डावीकडे उतरत होती, चालताना घोट्याला कळत होते, डोळ्याला नाही. एका झाडाच्या सावलीत डांबर अजून दमट होते. हे सर्व पुतण्याने एका कागदावर लिहिले. कागद गाडीत नेता येत नाही, पण लिहिले की राहते.

तिसरी चाल आम्ही वाकून केली. लोक हसले असतील. पण गाडीत बसल्यावर डोळा उभ्या माणसापेक्षा बराच खाली येतो आणि उभ्याने जो मार्ग स्वच्छ दिसतो, तो बसल्यावर नुसता नारिंगी शंकूंचा बाजार दिसतो. कुठला शंकू कुठल्या वळणाचा तेच समजत नाही. म्हणून प्रत्येक वळणाच्या तोंडाशी ओणवे होऊन पुढे काय दिसते ते पाहायचे आणि लांबची एखादी न हलणारी वस्तू पकडायची. आमच्या पुतण्याने पाण्याची टाकी पकडली: दुसऱ्या दारातून बाहेर पडताना टाकीच्या डाव्या पायावर नजर.

आणि सर्वांत उपयोगी गोष्ट एका अनोळखी वयस्कर स्पर्धकाने सांगितली. ते म्हणाले, सगळी वळणे सारख्या मोलाची नसतात. ज्या वळणानंतर लांब सरळ पट्टा आहे, तेच वळण कमाईचे. तिथे हळू शिरा, पण लवकर वेग पकडून बाहेर पडा, कारण तिथे मिळालेला वेग सगळा पट्टाभर तुमच्याबरोबर येतो. बाकी वळणांत फक्त नुकसान टाळायचे. आमच्या मार्गात असे एकच वळण होते, पाचवे. पुतण्या तिथे एकटाच तीनदा जाऊन उभा राहिला.

मग गाडीची तपासणी. हेल्मेट, लायसन्स, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पायात बूट. गाडीत सुटी वस्तू एकही नको. स्टेपनी, जॅक, पायपुसणी, पाण्याची बाटली, सगळे बाहेर. तपासनीस डॅशबोर्डाकडे बोट दाखवून म्हणाले, “बाप्पापण.” आमच्या गाडीतली गणपतीची छोटी मूर्ती पिढीजात नसली तरी अकरा वर्षे तिथेच चिकटलेली. फिटरभाऊंना ते रुचले नाही. पण तपासनीस शांतपणे म्हणाले, “अहो, गाडी जोरात वळली आणि मूर्ती सुटून पेडलखाली गेली तर त्यात मूर्तीचा मान राहतो का?” यावर कोणाला काही बोलता आले नाही. मूर्ती रुमालात गुंडाळून आमच्याकडे दिली, ती दिवसभर शर्टाच्या खिशात होती.

रांगेत थांबलेले असताना करायचे एक काम आहे. डोळे मिटून, हातात घड्याळ धरून, मार्ग मनात चालवायचा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आम्ही पुतण्याला ते करायला लावले, तर तो मनातल्या मनात अडतीस सेकंदांत शेवटाला पोहोचला. अडतीस सेकंद शक्यच नव्हते. याचा अर्थ काही प्रवेश त्याच्या डोक्यात नव्हतेच, तो ते उडी मारून ओलांडत होता. पुन्हा केले, पन्नास झाले. कुठे अडखळला ते विचारले, तर तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये. तो पुन्हा चालून आला असता, पण चालण्याची वेळ संपली होती.

पहिल्या फेरीत तो बरोबर तिथेच, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये, एक दार सोडून गेला. फेरी बाद. उतरला तेव्हा चिडला नव्हता. म्हणाला, “काका, मला ठाऊक होते की तिथे चुकणार.” दुसरी फेरी एकसष्ट पूर्णांक आठ सेकंद, एक शंकू पाडला, त्याचे दोन सेकंद दंड. तिसरी स्वच्छ, अठ्ठावन्न पूर्णांक चार. चौथीला त्याला वाटले की आता जोर लावावा. गाडी जास्त ओरडली, टायर जास्त किंचाळले, बघणाऱ्यांना ती फेरी सर्वांत वेगवान वाटली, आणि घड्याळ म्हणाले अठ्ठावन्न पूर्णांक नऊ. त्या अर्ध्या सेकंदाकडे तो बराच वेळ बघत उभा होता.

आमच्या गटात पहिली आली ती कॉलेजात शिकणारी एक मुलगी, आपल्या आईची गाडी घेऊन आलेली. त्रेपन्न सेकंदांच्या आसपास. तिची गाडी आमच्यापेक्षा ताकदवान नव्हती. सकाळी सगळे चहा पीत असताना ती एकटीच चालत होती, हे आम्ही पाहिले होते.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे. पण त्याआधी एक गोष्ट सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. बंद मार्ग म्हटला की धोका संपला असे नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅलीच्या बंद केलेल्या रस्त्यावर एक मोटारसायकल आली आणि एकाच कुटुंबातले तिघे गेले. तो रस्ता शर्यतीसाठी बंद होता, पण तो मुळात गावाचा रस्ता होता. गावाच्या माणसाला तो आपला वाटणारच. म्हणून आम्ही रॅलीच्या वाटेला जात नाही. ऑटोक्रॉसचे मैदान कुणाचाच रस्ता नसते. कुंपण असते, मार्शल असतात, एक गाडी पूर्ण थांबल्याशिवाय दुसरी सुटत नाही, आणि शेवटाच्या रेषेपुढे थांबण्याचा चौकोन आखलेला असतो, ज्यात थांबला नाहीत तर वेळ धरतच नाहीत. एवढे असूनही हेल्मेट लागते. इंग्लंडचे सिल्व्हरस्टोन आणि मद्रासजवळचे शोलावरम या दोन्ही जागा मुळात महायुद्धातल्या विमानांच्या धावपट्ट्या. गाडी पळवणाऱ्या लोकांनी फार पूर्वीच रिकाम्या, सपाट, कुणाचे घर नसलेल्या जागा शोधल्या, त्याला कारण आहे.

तेव्हा वहिनी, फरक हा. मोपाच्या रस्त्यावर पोरगा पुढे काय आहे हे न बघता जातो. तो रस्ता त्याने पायी कधी चाललेला नसतो. दुभाजकाची फट कुठे आहे, गुरे कुठून येतात, वळणावर ट्रकातून सांडलेली रेती कुठे आहे, यातले त्याला काही ठाऊक नसते, आणि समोरून येणाऱ्याला तर शर्यत चालू आहे हेच माहीत नसते. इथे अठ्ठावन्न सेकंदांसाठी तो तीन महिने सोडणांमधून तीसच्या वेगाने गेला, तुमच्या रांगोळीवर चालला आणि सकाळी चार पावलांचा फरक मोजला. आम्ही त्याला ‘रस्त्यावर सावकाश चालव’ असे एकदाही सांगितलेले नाही. परत येताना आंबोलीच्या घाटात गाडी तोच चालवत होता. धुके होते. एका वळणाच्या अलीकडे त्याने आपणहून वेग कमी केला. आम्ही विचारले, काय झाले? म्हणाला, “पलीकडचे दिसत नाही.”

एक खुलासा करतो. आमच्यावर कोणी असा आरोप करू शकेल की अशाने पोरांना वेगाची चटक लागते. लागू शकते. दोन मुले आमच्याकडे आली आणि चालणे, मोजणे बघून तिसऱ्या रविवारी गेली. ती आजही रात्री कुठे असतात ते आम्हाला ठाऊक आहे. सगळ्यांवर हा उपाय चालतो असा आमचा दावा नाही.

यंदा पाऊस ओसरला की नोव्हेंबरपासून त्याच आवारात पुन्हा सराव सुरू होईल, रविवारी सकाळी सात ते साडेनऊ. लायसन्स असलेले कोणीही यावे. हेल्मेट आपले आणावे, घरच्यांचे लेखी संमतिपत्र आणावे, आणि प्रत्येकाने किमान चार सोडणे आणावीत, कारण गेल्या वर्षीची कुजली. मुलींनी जरूर यावे. कोल्हापूरला काय झाले ते सांगितलेच आहे. गाडी नसली तरी चालेल, पहिले दोन रविवार कोणी गाडीत बसणारच नाही.

काही विचारायचे असेल तर आता विचारा. टायर आणि ब्रेकचे प्रश्न फिटरभाऊंना, विम्याचे आम्हाला. रांगोळीचे असतील तर वहिनींना.